पाच मिनिटं उशिरा येणारं कडवं

ऑरव्हिल हॉगन यांचे हात स्वस्थ बसलेले मी इतक्या वर्षांत एकदाच पाहिले, आणि तेही एका म्हाताऱ्या बाईंनी दम भरला म्हणून.

एरवी ते हात सतत चालूच. कॉफी संपली की कागदी पेल्याच्या कडेचे बारीक बारीक तुकडे करायचे. पेन असलं तर त्याचं टोपण टकटक करायचं. काहीच नसलं तर टेबलावर दहाही बोटांनी ठेका धरायचा. बैठकीत त्यांच्या शेजारी बसणारी माणसं आपला पेला उचलून मांडीवर ठेवत. त्यांची बायको मार्लिस म्हणायची, "चौतीस वर्षं झाली लग्नाला, पण न हलणारा पलंग मला ठाऊक नाही. झोपेतसुद्धा हा चालत चालत मिनेसोटाला जाऊन येतो." दोघंही मूळचे मिनेसोटाचे, नॉर्वेजियन वळणाचे. चर्चमध्ये ऑरव्हिल पूर्वी गायकांच्या रांगेत होते. गाताना वहीवर थाप मारतात म्हणून त्यांना तिथून हलवलं आणि दाराशी उभं राहून लोकांना जागा दाखवायचं काम दिलं. ते मात्र त्यांना झकास जमलं. एका माणसाला बसवायला ते चार फेऱ्या मारत.

आणि या माणसाचं पोटापाण्याचं काम काय, तर झोपवणं.

आम्ही दोघं ऑरेगनमधल्या बीव्हरटनच्या एका कंपनीत कर्नलवर काम करायचो. कर्नल म्हणजे संगणकाच्या आतला कारभारी. कुणाला काम द्यायचं, कुणी थांबायचं, हे तो बघतो. प्रोसेसरला काम उरलं नाही की कारभारी त्याला सांगतो, जा, झोप. थोडाच वेळ मोकळा असेल तर डुलकी, बराच असेल तर गाढ झोप. गाढ झोपेत वीज वाचते, पंखा थांबतो, बॅटरी टिकते. अडचण एकच. प्रोसेसरच्या उशाशी त्याचं स्वतःचं गजराचं घड्याळ असतं, आणि पुष्कळ जुन्या यंत्रांत प्रोसेसर गाढ झोपला की ते घड्याळही त्याच्याबरोबर झोपतं. मग उठवायचं कुणी? म्हणून अशा यंत्रांना आम्ही गाढ झोपूच देत नव्हतो. बिचारी डुलक्यांवर दिवस काढत.

ऑरव्हिलनी त्यावर तोड काढली. यंत्रात आणखी एक घड्याळ असतं, ते कधीच झोपत नाही. त्याला त्यांनी पहारेकरी नेमलं. गाढ झोपायला जाण्याआधी प्रोसेसरने पहारेकऱ्याला सांगून ठेवायचं, 'मला अमुक वेळेला हलव,' आणि मग खुशाल झोपायचं. सांगायला चार ओळींचं, करायला आठ महिने लागले. त्या वसंतात हा बदल चाचणी आवृत्तीत गेला आणि ऑरव्हिलनी सगळ्या विभागाला मार्लिसच्या हातची लेफ्सा वाटली. लेफ्सा म्हणजे त्यांची बटाट्याची पोळी, साखर-लोणी लावून. आपल्या पोळीसारखी ती तव्यावर फुगत नाही, पण ऑरव्हिल त्या दिवशी फुगले होते.

त्याला कारणही होतं. बारा वर्षांत त्यांचा एकही बदल मागे घेतला गेला नव्हता. आमच्या कामात बदल मागे घेणं म्हणजे काय ते सांगायला हवं. चुका सगळ्यांच्या होतात, त्या दुरुस्त होतात, कुणी काही म्हणत नाही. पण दुरुस्ती सापडली नाही तर तो बदलच उपटून टाकतात, आणि 'हा अमक्याचा बदल मागे घेतला' अशी नोंद होते. ती नोंद जगातल्या प्रत्येकाच्या प्रतीत जाते आणि कधीच पुसली जात नाही. घरातली भांडणं घरात राहतात. आमची छापून राहतात. ऑरव्हिल बढाई मारणारे नव्हते, पण नवीन कुणी आलं की बोलता बोलता 'बारा वर्षं' हे शब्द कुठून तरी निघतच.

एप्रिलमध्ये एल्व्हिरा क्विरिंग नावाच्या बाईंचं ईमेलवर पत्र आलं.

पत्र हिरव्या अक्षरांत होतं. वर कोपऱ्यात संगीताची स्वरचिन्हं, खाली फुलांची वेल. आमच्या मेलिंग लिस्टला, म्हणजे कर्नलवर काम करणाऱ्या सगळ्यांना एकदम पत्र जातं त्या पत्त्याला, नटलेली पत्रं चालत नाहीत, तिथे ती परत जातात. तसं ते परत गेलं, म्हणून बाईंनी ते थेट ऑरव्हिलना पाठवलं. ऑरव्हिलनी वेल पाहिली आणि मजकूर न वाचताच उत्तर लिहिलं. पत्र साध्या अक्षरांत असावं, ओळ बहात्तर अक्षरांच्या आत मोडावी, वगैरे. आमच्यातली ही सवयच. चूक सांगायला आलेल्या माणसाला आधी त्याची चूक सांगायची.

तासाभरात उत्तर आलं, या वेळी मेलिंग लिस्टलाही. साधी अक्षरं, ओळी नेमक्या. पहिलंच वाक्य: 'आपल्या पत्रातल्या चौथ्या ओळीत त्र्याहत्तर अक्षरं आहेत. मोजून पाहावीत.'

ऑरव्हिलनी मोजली. त्र्याहत्तर होती.

"कोण ही बाई?" ते म्हणाले. मग मात्र त्यांनी पूर्ण पत्र वाचलं आणि मलाही वाचायला दिलं, कारण चाचण्यांचं काम माझ्याकडे होतं.

बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. तासाभराच्या अंतरावर दक्षिणेला एका गावात मेनोनाइट लोकांच्या, म्हणजे साधेपणा आणि खरेपणा पाळणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाच्या, चर्चमध्ये चाळीस वर्षं ऑर्गन वाजवत होत्या. त्याच्या जोडीला शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर संगणक शिकल्या, आणि आता कर्नलची प्रत्येक चाचणी आवृत्ती स्वतः बांधून आपल्या जुन्या लॅपटॉपवर चढवायच्या. का, तर 'ऑर्गन बिघडला तर मी तो उघडून बघते. मग हे का नको?' प्रार्थनेच्या वेळी गीताचं कडवं त्या लॅपटॉपवरून पडद्यावर दिसायचं. बाईंचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय ऑर्गनला गुंतलेले, म्हणून चाळीस सेकंद झाले की पुढचं कडवं आपोआप यावं अशी सोय त्यांनी केली होती.

गेले काही रविवार कडवं अडकत होतं. 'आमची माणसं आज्ञाधारक आहेत,' बाईंनी लिहिलं होतं. 'पडद्यावर जे असेल ते गातात. परवा दुसरं कडवं चार वेळा गायलं. चारही वेळा सुरात. मग पाद्रीसाहेबांनी प्रवचन सुरू केलं, आणि त्यांच्या डोक्यामागे शेवटचं कडवं उगवलं, ज्याचा अर्थ आता आपापल्या घरी जा असा होतो. मागच्या बाकावरचे तिघं उठून गेलेसुद्धा.'

पुढे बाईंनी लिहिलं होतं की, चांगल्या आवृत्तीच्या आणि बिघडलेल्या आवृत्तीच्या मधले दोन हजार बदल त्यांनी अर्धे-अर्धे करत तपासले. रोज संध्याकाळी सराव करायचा, अडकलं तर दोष आधीच्या अर्ध्यात, नाही तर नंतरच्या. अकरा संध्याकाळी अकरा वेळा. 'अकराव्या संध्याकाळी एकच बदल उरला. त्यावर आपलं नाव आहे.'

ऑरव्हिलनी पेल्याची कड फाडायला सुरुवात केली.

मी बाईंच्याकडे होता तसाच जुना लॅपटॉप मिळवला, आमच्या खोलीत मांडला आणि दर चाळीस सेकंदांनी पान उलटायला लावलं. तीन दिवस पानं उलटत राहिली. एकदाही अडकलं नाही. दर मिनिटाला माझा संगणक वायरवरून त्याला विचारायचा, 'चालू आहेस का?' आणि तो सांगायचा, 'आहे.' मी तसं लिहून दिलं. ऑरव्हिल तर दर दहा मिनिटांनी जातीने येऊन बघून जात.

पण अकरा संध्याकाळींचा हिशोब पत्रात लिहिलेला होता आणि तो आता सगळ्यांनी वाचला होता. आमच्या भागाची मुख्य रोझलिंड कोवालचुक ऑटावाला बसायची. ती दोन ओळींपेक्षा जास्त कधी लिहीत नसे. गुरुवारी तिच्या दोन ओळी आल्या: 'रविवारी आवृत्ती बाहेर पडतेय. शनिवारी संध्याकाळपर्यंत कारण कळलं नाही तर बदल मागे घेते.'

"त्या बाईंचं यंत्र खोटं बोलतंय," ऑरव्हिल मला म्हणाले.

"यंत्र कशाला खोटं बोलेल?"

"मग बाई."

"मेनोनाइट आहेत, ऑर्गन वाजवतात, आणि तुमची अक्षरं मोजतात. त्या खोटं बोलतील?"

त्यांनी पेल्याचा उरलेला तळ दोन तुकड्यांत फाडला. "चल कुमुद, शनिवारी जाऊन येऊ."

शनिवारी दुपारी आम्ही पोचलो. चर्च पांढरं, लाकडी, आत ओव्हनमधून निघालेल्या पावांचा वास. क्विरिंगबाई पाच फुटांच्याही आतल्या, राखाडी स्वेटर, पायात ऑर्गनचे खास पातळ तळव्यांचे बूट. सरावाला सातआठ गायक जमलेले.

"हॉगन तुम्हीच?"

"हो."

"आणि या?"

"कुमुद. आमच्या चाचण्या हीच करते."

"म्हणजे तुम्ही चुकता आणि या ते सापडू देत नाहीत," बाई म्हणाल्या. "बसा."

लॅपटॉप ऑर्गनच्या शेजारी छोट्या टेबलावर होता, त्याला एक माउस जोडलेला. ऑरव्हिल त्याला चिकटूनच बसले. बाईंनी पहिलं गीत सुरू केलं. चारही कडवी वेळेवर आली. दुसरं गीत, तेही वेळेवर. तिसरंही. ऑरव्हिलच्या तोंडावर हसू पसरलं.

"बाई, तुमच्या यंत्राला काहीच झालेलं नाही."

बाई त्यांच्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघत होत्या. ऑरव्हिलची दोन बोटं माउसवर गोल गोल फिरत होती. "ते काय चाललंय?"

"कुठे काय? विचार करतोय."

"विचार डोक्याने करा. उठा तिथून. त्या दुसऱ्या बाकावर बसा."

ऑरव्हिल बाकावर गेले. गीत सुरू झालं आणि त्यांचा पाय सुरू झाला. जमीन लाकडी, जुन्या फळ्यांची. बाकापाशी टाच आपटली की टेबल थरथरायचं आणि माउसखालचा तांबडा दिवा लुकलुकायचा. कडवी वेळेवर येत होती. मी ते बघितलं, पण मला त्याचा अर्थ लागला नाही. बाईंना लागला. वाजवणं न थांबवता त्या ओरडल्या, "पाय!"

"काय झालं?"

"तुमचा पाय माझं यंत्र हलवतोय. माणूस आहात का शिवणयंत्र?"

गायक हसले. बाईंनी गीत थांबवलं, खाली उतरल्या आणि गीतांचं जाड पुस्तक उघडून ऑरव्हिलच्या दोन्ही हातांत दिलं. "उभे राहा. पाय जोडा. दोन्ही हातांनी धरा. आणि गा. सहावीतली मुलंसुद्धा एवढं करतात."

एकसष्ट वर्षांचा तो उंच माणूस पाय जोडून उभा राहिला. मला आमच्या शाळेतली सकाळची प्रार्थना आठवली. कुणी हललं की मागून टपली बसायची.

गीत सुरू झालं. पहिलं कडवं झालं, दुसरं आलं. दुसरं संपलं, आणि पडद्यावर दुसरंच राहिलं. गायकांनी ते पुन्हा गायलं. तिसऱ्यांदा गायलं. ऑरव्हिलचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. पुस्तकाचा एक हात सुटला आणि ते चवड्यांवर टेबलाकडे सरकले.

"हात!"

"बाई, अडकलंय ते!"

"दिसतंय मला. महिनाभर दिसतंय. जागेवर जा."

"पण मला आत काय चाललंय ते बघायला..."

"तुम्ही बघायला गेलात की ते सुरळीत होतं. पाद्रीसाहेब बघायला गेले तेव्हाही तेच झालं. जागेवर!"

ते जागेवर गेले. गीत संपलं. बाईंनी हात मांडीवर ठेवले आणि चर्च एकदम शांत झालं.

ऑरव्हिल हळूच म्हणाले, "आता?"

"आता प्रवचन."

"पण प्रवचन देणार कोण? पाद्रीसाहेब तर नाहीत."

"तुम्ही गप्प उभे राहा. तेवढं प्रवचन पुरे."

कुणी हललं नाही. रिकामं बसवेना म्हणून मी डोळे मिटले आणि मनात नामाची माळ सुरू केली. कुणाच्या का देवळात असेना, नाम चालतं. एक माळ झाली, दुसरी सुरू केली. मध्ये एकदा डोळे किलकिले करून पाहिलं तर ऑरव्हिलच्या कपाळावर घाम होता आणि पुस्तक धरलेल्या बोटांची पेरं पांढरी पडली होती, पण बोटं स्वस्थ होती. तिसरी माळ निम्म्यावर आली असेल, तेवढ्यात गायकांतून 'आहा' असा आवाज आला.

पडद्यावर तिसरं कडवं होतं. कुणीही कशालाही हात लावलेला नव्हता.

"प्रवचन संपलं," बाई म्हणाल्या.

ऑरव्हिल पुतळ्यासारखे उभे होते. "किती वेळ झाला?"

"पाच मिनिटं. सेकंदभर कमीच. नेहमी तेवढीच."

"नेहमी पाच? मग पत्रात पाच मिनिटं असं का नाही लिहिलंत?"

"आपोआप येतं हे लिहिलं होतं. किती वेळाने, ते तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही विचारलंत ते ओळीत अक्षरं किती."

ऑरव्हिल मटकन बाकावर बसले आणि पुस्तकावर दोन्ही तळहातांनी थाप मारली. "वळसा! पूर्ण वळसा घालून येतंय ते!"

मग आम्ही चर्चच्या स्वयंपाकघरात बसलो. बाईंनी ताजे झ्वीबॅक पुढे ठेवले, मोठ्या पावाच्या डोक्यावर छोटा पाव बसवलेले. ऑरव्हिलनी ते मांडून समजावायला सुरुवात केली.

"हा प्रोसेसर. हा पहारेकरी. प्रोसेसर पहारेकऱ्याला सांगतो, मला सहाला उठव. पण सांगेपर्यंत सहा वाजून गेले तर? पहारेकरी काय करेल?"

"म्हणेल, सहा वाजून गेले, मूर्खा, झोपतोस कसला?"

"माणूस असता तर म्हणाला असता. हे घड्याळ आहे. ते फक्त काटा सहावर येण्याची वाट बघतं. गेलेला सहा त्याला दिसत नाही. ते पुढच्या सहाची वाट बघत बसतं. आणि या घड्याळाचा पूर्ण वळसा पाच मिनिटांना सेकंदभर कमी इतका असतो."

"आणि मध्ये कुणी माउसला धक्का दिला की?"

"तर प्रोसेसर धक्क्याने जागा होतो आणि म्हणतो, अरे, सहा वाजून गेले की! आणि कामाला लागतो."

बाईंनी विचार केला. "मग तुम्ही सांगायला उशीर का करता?"

"उशीर म्हणजे बाई, सेकंदाचा लाखावा भाग..."

"उशीर तो उशीर. वर्गात मी घंटेनंतर कुणाला आत घेतलं नाही."

ऑरव्हिलनी छोटा पाव मोठ्यावरून उचलून तोंडात टाकला. दुरुस्ती त्यांना बसल्या बसल्या सुचली होती. पहारेकऱ्याला सांगून झाल्यावर झोपण्याआधी एकदा घड्याळ बघायचं. वेळ गेली असेल तर झोपायचंच नाही. तीन ओळी. त्यांनी त्या बाईंच्याच लॅपटॉपवर लिहिल्या. नवा कर्नल बांधून व्हायला दीड तास लागला, त्या वेळात त्यांनी सात झ्वीबॅक खाल्ले आणि हात मोकळे राहिले म्हणून चर्चची सगळी भांडी घासली. मग खिशात हात घालून, भिंतीला टेकून त्यांनी ओळीने बारा गीतं ऐकली. एकही कडवं अडकलं नाही. गायक कंटाळून घरी गेले.

भांडी पुसता पुसता मला माझी चूक कळली होती. ती सांगणं भाग होतं.

"ऑरव्हिल, माझ्या तीन दिवसांच्या चाचण्या फुकट आहेत."

"का?"

"मी दर मिनिटाला वायरवरून त्याला विचारत होते, चालू आहेस का. म्हणजे दर मिनिटाला मीच त्याला धक्का देत होते. झोपलेल्याला हलवून विचारायचं, झोप लागली का, आणि नाही म्हणाला की लिहायचं, जागाच आहे. आपल्या खोलीतलं प्रत्येक यंत्र आपण असंच तपासतो. या बदलापुरतं तरी तिथलं काहीच खरं धरता येणार नाही."

ऑरव्हिल रागावले नाहीत. "म्हणजे आत्तापर्यंत नीट तपासलेलं यंत्र जगात एकच," ते म्हणाले.

"चर्चमधलं," बाई म्हणाल्या.

साडेचार वाजले होते. स्वयंपाकघराच्या भिंतीवर गुंडाळीच्या वायरचा जुना फोन होता. ऑरव्हिलनी ऑटावाला लावला. रोझलिंडचा आवाज मोठा. मला आणि बाईंना नको असतानाही सगळं ऐकू येत होतं.

"कारण सापडलं," ऑरव्हिल म्हणाले आणि सांगितलं. "दुरुस्ती तीन ओळींची आहे."

"तीनच? छान. किती यंत्रांवर तपासलीस?"

"एका."

"तुमच्या तिथल्या?"

"चर्चमधल्या."

मग रोझलिंड म्हणाली, "हे बघ ऑरव्हिल, दुसऱ्या कुणाचं मी आदल्या दिवशी घेतलं नसतं. पण तुझं बारा वर्षांत एकदाही मागे आलेलं नाही. कारण पटतंय मला. तू नुसतं 'घे' म्हण, मी घेते. बदल राहील, दुरुस्तीही जाईल."

ऑरव्हिलनी फोनची वायर बोटाला गुंडाळली. सोडवली. परत गुंडाळली. बाई आमच्याकडे पाठ करून कपाटात ताटल्या लावत होत्या, पण ताटल्यांचा आवाज येत नव्हता. एक शब्द बोलायचा होता. आमच्या चौघांखेरीज कुणाला कळलंही नसतं. आणि तीन ओळी बहुतेक बरोबरच होत्या. मी मनात देवाचं नाव घेतलं. कशासाठी घेतलं, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

"मागच्या वेळी तू कशावर घेतलं होतंस?" ऑरव्हिलनी विचारलं.

"तुझ्या शब्दावर."

"हं." वायर बोटात रुतली होती. "मागे घे, रोझ."

"नक्की? नाव लागेल तुझं."

"लागू दे. मजकूर मीच लिहून पाठवतो. तू लिहिलंस तर दोन ओळींत लिहिशील, आणि चूक नीट सांगायची तर निदान सहा लागतात."

बाईंच्या घरी जाऊन त्यांनी तो मजकूर लिहिला. खरंच सहा ओळी. 'हा बदल मागे घेत आहे. चूक माझी. झोपणाऱ्याची वेळ टळून गेली असेल तर काय, याचा विचार मी केला नव्हता,' अशी सुरुवात. खाली पद्धतीप्रमाणे दोष शोधणाऱ्याचं नाव.

"माझं नाव कशाला?" बाई खांद्यावरून वाचत होत्या.

"पद्धत आहे आमची."

"जगभर जाईल?"

"जाईल. आणि कायमचं राहील."

"मग नावातलं मधलं अक्षर घाला. आमच्या गावात एल्व्हिरा क्विरिंग दोन आहेत, आणि दुसरीला यातलं ओ की ठो कळत नाही."

परतताना गाडीत ऑरव्हिलची बोटं चाकावर वाजत होती, पण ठेका सुटत होता. वाटेतल्या सेलम गावाच्या पुढे आल्यावर एकदा म्हणाले, "बारा वर्षं." एवढंच. मी खिडकीबाहेर बघितलं. अशा वेळी माणसाला बघू नये.

सोमवारी सगळ्यांनी ती नोंद वाचली होती. ऑरव्हिलच्या टेबलाशी त्या दिवशी जरा जास्तच लोक कॉफी घेऊन आले. ऑरव्हिल प्रत्येकाला पाव मांडल्याशिवाय पहारेकऱ्याची गोष्ट सांगत होते, त्यामुळे ती कुणाला कळत नव्हती. अकराच्या सुमाराला क्विरिंगबाईंचा फोन आला. ऑरव्हिलनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला.

"हॉगन, काल कडवी वेळेवर आली."

"वा! छान झालं."

"छान कसलं? तुमचा बदल काढलेला कर्नल घातला तर पंखा माझ्या ऑर्गनपेक्षा मोठ्याने वाजतोय. लोकांनी पहिलं कडवं पंख्याच्या पट्टीत लावलं. आणि संध्याकाळच्या प्रार्थनेत मधेच बॅटरी संपली."

"तो आता गाढ झोपत नाही ना बाई. डुलक्याच काढतो."

"मग त्याला नीट झोपवा. दुरुस्त केलेलं कधी देताय?"

"सहा आठवडे तपासणार. नंतर देतो."

"सहा आठवडे? देवाने सहा दिवसांत जग केलं!"

"त्याचं कुणी तपासलं नाही, बाई."

मला वाटलं, बाईंना राग आला. मग त्या म्हणाल्या, "तपासलं असतं तर गोचीड राहिले नसते. ठीक आहे. सहा म्हणजे सहा. सातव्या आठवड्याला मी पत्र पाठवीन, हिरव्या अक्षरांत."

फोन ठेवल्यावर ऑरव्हिल माझ्याकडे वळले. "कुमुद, जुनी यंत्रं किती मिळतील?"

"आठ तरी मिळतील."

"आठही एका खोलीत मांड. नेटवर्कची वायर कुठल्याच यंत्राला नको, माउस नको. पान कधी उलटलं ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवायचं, आपण आठवड्यातून एकदा वाचायचं. मधे कुणी आत जायचं नाही."

"कुणी म्हणजे कुणी?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे.

बुधवारी आठ यंत्रं मांडून झाली. मी दाराला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली. तासाभराने ऑरव्हिल आले आणि ड्रॉवरजवळ उभे राहून हवापाण्याबद्दल बोलू लागले. ऑरेगनच्या हवेबद्दल बोलण्यासारखं काय असतं? अर्ध्या तासाने परत आले. तिसऱ्या खेपेला काही न बोलता त्यांनी हात पुढे केला. मी किल्ली दिली, म्हटलं, झालं, संपलं सगळं. ते किल्ली घेऊन सरळ जिन्याने खाली गेले. खिडकीतून पाहिलं तर मार्लिस गाडी घेऊन दाराशी थांबली होती. त्यांनी फोन करून बोलावली असणार. त्यांनी किल्ली तिच्या हातात ठेवली, तिची मूठ आपल्या हातांनी मिटवली, आणि मागे वळून न बघता वर आले.